माती आधी थेंब उडवतो

जोराचा पाऊस झाला, ओढा गढूळ वाहिला, की आपण म्हणतो, पाण्यानं माती वाहून नेली. नेली खरी, पण जागची सुटी केली कुणी? बहुतेक वेळा पावसाच्या थेंबानं.

५ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगानं आदळतो. उघड्या रानात तो ढेकूळ फोडतो, कण उडवतो. उतारावर हे कण खालच्या अंगाला जास्त लांब पडतात. बारीक कण मातीच्या छिद्रांत बसतात, वर खपली धरते, पाणी मुरणं मंदावतं आणि पातळ थरानं वाहू लागतं. ही सालकाढी धूप. घळ पडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. हेक्टरवरून १ मिलिमीटर थर गेला, तर १० घनमीटर, म्हणजे साधारण १२-१३ टन माती गेली! जमिनीवर धसकटं, पालापाचोळा असेल तर थेंबाचा जोर तिथंच मोडतो.

अमेरिकेतले मृदाशास्त्रज्ञ ह्यू बेनेट यांना १९०५ साली व्हर्जिनियात हेच दिसलं: जंगलातली माती भुसभुशीत, शेजारच्या शेतातली कडक. त्यांचं म्हणणं सरकारला पटायला मात्र १९३० च्या दशकातली धुळीची वादळं यावी लागली. पावसासाठी बेडकांची लग्नं लावणाऱ्यांना आपण हसतो. तिकडे 'नांगरामागोमाग पाऊस येतो' असा सिद्धांत सांगून, ही वादळं उठली त्याच कोरड्या माळावर वस्ती वाढवली गेली होती.

१९३५ मध्ये मृदसंधारणाचा कायदा झाला. पण उतारावरचं पाणी सातबारा बघून वाहत नाही. वरच्यानं उभी नांगरट केली की खालच्याच्या रानात ओघळ पडतात. म्हणून १९३७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी राज्यांकडे नमुना कायदा पाठवला: शेतकऱ्यांनीच स्थानिक मृदसंधारण जिल्हे स्थापावेत, तांत्रिक मदत केंद्र सरकारची. इथं 'जिल्हा' म्हणजे कलेक्टरचा नव्हे, फक्त या कामापुरता आखलेला. पहिला, ब्राउन क्रीक, ४ ऑगस्ट १९३७ रोजी नॉर्थ कॅरोलायनात, बेनेट यांचा जन्म झाला त्याच अँसन काउंटीत झाला. आज असे सुमारे ३,००० आहेत. समपातळी (उताराला आडवी) मशागत, आच्छादन पिकं, ओढ्याकाठी गवताचे पट्टे, असं काम शेतकऱ्याच्या राजीखुशीनं चालतं.

नमुना कायद्यात सार्वमत घेऊन जमीनवापराचे सक्तीचे नियम करायचीही सोय होती. ती फारच थोड्या जिल्ह्यांनी वापरली. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्यावर नियम लादायला कोण पुढं येणार?