पिस्तुलाचा भरवसा आणि चिखलातली परीक्षा

बेळगावच्या उद्यमबागेत ओतीव नगांच्या तपासणीवर मी बरीच वर्षे काढली. नव्याने कामाला लागलेल्या मुलाला तिथे पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवावी लागे, ती ही की घणाखाली फोडून पाहिलेला नग आणि गिऱ्हाइकाकडे जाणारा नग हे दोन वेगळे नग असतात. फोडलेल्या तुकड्यावरून धातूचा कण कसा बसला आहे आणि आत पोकळी राहिली आहे का हे कळते. पण त्याच दिवशी ओतलेल्या पाचशे व्हॉल्व्ह-बॉडींपैकी किती दाबाखाली गळतील, हे सांगायचे तर त्यांतले पुरेसे नग दाबाखाली लावूनच पाहावे लागतात. एक परीक्षा दोष कुठे आहे ते दाखवते आणि दुसरी तो किती वेळा येतो ते मोजते.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र गावातच असल्यामुळे आमच्याकडे निवृत्त जवानांची घरे पुष्कळ आहेत आणि शस्त्रांच्या गप्पा नव्या नाहीत. अलीकडे त्या गप्पांत तरुण मुले मोबाइलवरची दृश्ये घेऊन येतात. पिस्तूल चिखलात पुरतात, बर्फात गोठवतात, त्यावरून गाडी नेतात आणि मग ते उचलून चालवतात. ते चालले की ‘हे सगळ्यात भरवशाचे’ असा निकाल लागतो. अशा छळचाचणीतून पिस्तुलाचा चिवटपणा दिसतो, हे खरे. भरवसा ही मात्र वेगळी राशी आहे. ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या गोळ्यांसह, इतक्या फैरींत किती वेळा काम अडेल याचे ते मोजमाप आहे आणि ते मिळवायला कंटाळवाणी मोजदाद करण्यावाचून मार्ग नाही.

अशा मोजदादीचे जुने आणि फार बोलके उदाहरण मार्च १९११ मधले आहे. अमेरिकी सैन्यासाठी पिस्तूल निवडताना कोल्ट कंपनीने बनवलेले जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेचे पिस्तूल आणि सॅव्हेज कंपनीचे पिस्तूल यांच्यातून प्रत्येकी ६००० गोळ्या झाडण्यात आल्या. सॅव्हेज ३७ वेळा अडले आणि कोल्ट एकदाही अडले नाही. २९ मार्च १९११ रोजी कोल्टची निवड झाली. वेडीवाकडी काडतुसे, धूळ आणि गंज यांच्या परीक्षाही त्या निवडप्रक्रियेत होत्या, पण मला महत्त्वाचा वाटतो तो ६००० हा आकडा. ६००० मध्ये ३७ याचा अर्थ सरासरीने १६२ गोळ्यांमागे एक अडथळा. हे अडथळे सारखे विखुरलेले आहेत असे धरले आणि दोन्ही पिस्तुलांतून फक्त ५० गोळ्या झाडून पाहिल्या असत्या, तर सॅव्हेजही न अडता पार पडण्याची शक्यता सुमारे ७३ टक्के निघते. म्हणजे चारांतल्या जवळजवळ तीन वेळा दोन्ही पिस्तुले सारखीच निर्दोष दिसली असती.

एकही अडथळा आला नाही तरी दोष शून्य आहे असे म्हणता येत नाही. संख्याशास्त्रात यासाठी ‘तीनचा नियम’ वापरतात. n वेळा करून पाहिले आणि एकदाही बिघाड झाला नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की बिघाडाचे प्रमाण ३ भागिले n पेक्षा जास्त नसावे. पन्नास गोळ्या निर्वेध सुटल्या तर ही वरची मर्यादा ६ टक्के राहते, २०० सुटल्या तर दीड टक्का. पेटीतून काढलेल्या नव्या पिस्तुलाच्या २०० गोळ्या विनातक्रार गेल्या की मालक निश्चिंत होतो. पण सरासरीने शंभरातून एकदा अडणारे पिस्तूलसुद्धा २०० गोळ्यांची परीक्षा सुमारे १३ टक्के वेळा बिनचूक पार करते. कोल्टच्या ६००० गोळ्यांवरून ही मर्यादा दोन हजारांत एक इतकी खाली येते. गंमत म्हणून नव्हे, तर तुलनेसाठी सांगतो की सरासरी २००० गोळ्यांमागे एक अडथळा असेल, तर १०० गोळ्या सलग न अडता सुटण्याची शक्यता ९५ टक्के असते. एवढ्या चांगल्या पिस्तुलाबाबतही वीसांतला एक प्रसंग उरतोच.

पिस्तूल अडते ते का, हे समजायला त्याच्या आतली घाई लक्षात घ्यावी लागते. नऊ मिलिमीटरची सुमारे ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने सुटते, तेव्हा संवेगाच्या अक्षय्यतेच्या नियमाने अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचे स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) आणि नळी सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने मागे ढकलले जातात. त्या मागे जाण्यात रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकायची, घोडा चढवायचा आणि स्प्रिंग दाबायची. मग त्याच स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना मॅगझिनमधले (मुठीत बसणाऱ्या, काडतुसे भरायच्या डब्यातले) पुढचे काडतूस ढकलून चेंबरात, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी असलेल्या खोबणीत, बसवायचे आणि नळी पुन्हा बंद करायची. हे सगळे सेकंदाच्या छोट्याशा अंशात होते आणि त्यासाठी मिळणारी ऊर्जा मोजकीच असते. वाळूचे घर्षण, घट्ट झालेले तेल, कमजोर काडतूस आणि मनगट सैल सोडणारा हात, हे सगळे त्याच शिलकीतून आपापला वाटा खातात. धरणारा हात हा या यंत्राचाच भाग आहे, हे पुष्कळ जण विसरतात. अमेरिकी सैन्याने २०१७ मध्ये निवडलेल्या नव्या पिस्तुलाच्या चाचण्यांत नोंदलेल्या अडथळ्यांपैकी बहुसंख्य एकाच प्रकारचे होते. शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागे अडकून राहायला हवे ते राहत नव्हते, कारण काही नेमबाजांचा अंगठा स्लाइड अडवणाऱ्या खटक्यावर दाबला जात होता.

आता चिखलाकडे येऊ. आमच्या खानापूर-जांबोटीकडची तांबडी माती पावसाळ्यात पायाला चिकटते, त्यामागे तिच्यातल्या चिकणमातीचा अंश आहे. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो, तर वाळूचा कण त्याच्या कितीतरी पट मोठा. स्लाइड ज्या खाचांवरून सरकते तिथली मोकळीक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या पातळीवरची असते. पातळ चिखल त्या फटीत शिरला तर वंगणासारखा वाहूनही जातो, म्हणून चिखलाच्या दृश्यात पिस्तूल आरामात चालताना दिसते. फटीच्याच मापाचा वाळूचा एखादा कण मात्र पाचरीसारखा बसतो. त्यामुळे चिखलात उत्तीर्ण झालेले पिस्तूल वाळूत उत्तीर्ण होईलच असे नाही, आणि मोकळीक वाढवून वाळूला वाट करून दिली तर नेमाचा अचूकपणा थोडा सोडावा लागतो. इराकमधल्या अतिशय बारीक वाळूत अमेरिकी सैन्याची एम-९ पिस्तुले अडू लागली, तेव्हा मूळ दोष मॅगझिनमध्ये सापडला. पत्र्याच्या आतल्या खडबडीत फॉस्फेट लेपाला वाळू धरून राहत होती आणि काडतुसे वर सरकत नव्हती. गुळगुळीत कोरड्या लेपाची मॅगझिने आल्यावर ही अडचण दूर झाली. छळचाचणीचे खरे मोल मला इथे दिसते. कोणता भाग आधी हार मानतो आणि का, हे तिच्यातून कळते आणि रचनाकाराला सुधारणेची दिशा मिळते.

तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. जे विचारले जाते तेवढ्याचेच उत्तर ती देते. वर उल्लेख केलेल्या लष्करी पिस्तुलाचे मूळ नागरी प्रारूप, सिग सॉवर पी-३२०, पडण्याच्या प्रचलित मानक चाचण्या पार करून बाजारात आलेले होते; तरी २०१७ मध्ये असे आढळले की ते मागच्या बाजूवर विशिष्ट तिरक्या कोनात आपटले तर गोळी सुटू शकते. मानकात तो कोन नव्हता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने स्वेच्छा सुधारणेची योजना जाहीर केली. याशिवाय मोबाइलवरच्या छळचाचणीत नग एकच असतो आणि तो आपल्या हातातला नसतो.

ज्याच्या नावावर परवाना आहे त्याला हजारो गोळ्या झाडून पाहणे शक्य नाही, कारण परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते. ज्या मोजक्या गोळ्या सरावाला मिळतात त्यांची वही ठेवणे मात्र त्याला जमते. प्रत्येक मॅगझिनवर रंगाने क्रमांक घालावा, काडतुसाचा गठ्ठा नोंदवावा आणि अडथळा आल्यावर तो पुंगळी न निघाल्याचा, काडतूस न बसल्याचा की प्राइमर (काडतुसाच्या बुडातली, दारू पेटवणारी टिकली) न पेटल्याचा हे लिहावे. न पेटलेला प्राइमर हा सहसा काडतुसाचा दोष असतो. चार अडथळे एकाच मॅगझिनच्या नावावर निघाले, तर पिस्तूल बदलण्याऐवजी ते मॅगझिन बाजूला काढावे. त्याचे वरचे ओठ किंचित जरी वाकलेले असले तरी काडतूस चुकीच्या कोनात वर येते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा आमच्या तपासणी विभागातला नियम इथेही जसाच्या तसा लागू पडतो.

आपल्या भागातली सगळ्यात कठोर परीक्षा कपाटात होते, असे माझे मत आहे. मृगापासून दसऱ्यापर्यंत चामड्याच्या म्यानात ठेवलेल्या पिस्तुलाच्या पोलादाला चामड्यातला ओलावा चिकटून राहतो, पातळ तेल हळूहळू उडून जाते किंवा राळेसारखे घट्ट होते आणि काडतुसांच्या पितळेवर हिरवट डाग पडतात. ही परीक्षा चार महिने चालते आणि तिच्यात पाहण्यासारखे काही घडत नाही. म्हणून म्यान वेगळे आणि शस्त्र वेगळे, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवावे. आणि पावसाळा सरल्यावर, शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, स्लाइड हाताने मागे ओढून सोडावे व ते पूर्ण बंद होते की शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरवर रेंगाळते ते पाहावे. तिथे रेंगाळत असेल, तर पुढे काडतूस कुठे अडणार याची पहिली नोंद वहीत त्याच दिवशी करता येते.