राजहंसाची अंडी इन्क्युबेटरमध्ये उबवताना
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून इन्क्युबेटर नेणाऱ्या बऱ्याच जणांचा हात कोंबडीच्या अंड्यांवर बसलेला असतो. तीच सेटिंग राजहंसाच्या अंड्यांना लावली की पूर्ण वाढलेली पिल्लं शेवटच्या दोन-तीन दिवसांत कवचातच दगावतात. दोष यंत्राला दिला जातो, पण बहुतेक वेळा अंड्यातलं पाणी पुरेसं उडालेलं नसतं. म्हणूनच यंत्राइतकाच ग्रॅम दाखवणारा साधा वजनकाटा महत्त्वाचा आहे, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो.

अंडी निवडताना

अंडी ताजी हवीत, शक्यतो सात दिवसांच्या आतली. तडा गेलेली, वेडीवाकडी किंवा फारच लहान अंडी बाजूला काढा. साठवायची असतील तर 13 ते 16 अंश सेल्सिअसला ठेवा, फ्रीजमध्ये नको. साठवणीतही रोज एकदा कुशीवर वळवा. अंडी धुऊ नका. कवचावरचं नैसर्गिक आवरण जंतूंना आत जाऊ देत नाही, ते धुण्याने निघून जातं. सुकलेली घाण हलक्या हाताने खरवडली तरी चालते. अंडी प्रवास करून आली असतील तर टोकदार बाजू खाली ठेवून एक दिवस विसावू द्या, मगच यंत्रात ठेवा.

यंत्रातले पहिले चार आठवडे

पंखा असलेल्या यंत्रात तापमान 37.5 अंश ठेवा. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीवर मोजून साधारण 38.3. यंत्र किमान एक दिवस रिकामं चालवून आकडा स्थिर झाल्यावरच अंडी ठेवा. उबवणीला बहुधा 28 ते 31 दिवस लागतात. चिनी जातीची पिल्लं थोडी लवकर बाहेर येतात, एम्डन आणि टुलूझसारख्या भारी जाती जास्त वेळ घेतात. अंडी ठेवल्याचा दिवस मोजू नका, 24 तास झाले की पहिला दिवस पूर्ण.

अंडं आडवं ठेवा. एका बाजूला पेन्सिलने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढा म्हणजे कुठलं वळवलं आणि कुठलं राहिलं ते कळतं. दिवसातून पाच वेळा, निदान तीन वेळा, पूर्ण अर्धा फेरा द्या. एकदा उजवीकडे, पुढच्या वेळी डावीकडे. सतत एकाच दिशेने फिरवलं तर आतल्या पडद्यांना पीळ बसतो. कोंबडीच्या अंड्यांसाठी बनवलेला ऑटोमॅटिक ट्रे अंडं थोडंसंच कलतं करतो, राजहंसाला ते पुरत नाही. तुमच्या यंत्रात तसा ट्रे असेल तरी हाताने वळवणं सोडू नका.

आता वजन. उबवणीच्या काळात कवचाच्या छिद्रांतून पाणी बाहेर जातं आणि रुंद टोकाची हवेची पोकळी मोठी होते. पिल्लू आधी चोचीने याच पोकळीचा पडदा फोडतं आणि आयुष्यातला पहिला श्वास तिथे घेतं. पोकळी लहान राहिली तर श्वासाला हवा पुरत नाही आणि फुगलेल्या पिल्लाला आत वळायला जागा उरत नाही. उलट पाणी फार उडालं तर पिल्लू अशक्त होतं आणि पडदा त्याच्या अंगाला चिकटतो. पिल्लू पोकळीत चोच घालेपर्यंत अंड्याचं 14 ते 15 टक्के वजन कमी व्हायला हवं, म्हणजे रोज साधारण अर्धा टक्का. समजा अंडं 160 ग्रॅमचं आहे, तर सातव्या दिवशी ते 154 ग्रॅमच्या आसपास दिसलं पाहिजे, चौदाव्या दिवशी 149, एकविसाव्या दिवशी 143 आणि अठ्ठाविसाव्या दिवशी 138 च्या जवळ. प्रत्येक अंड्यावर सुरुवातीचं वजन लिहून ठेवा आणि आठवड्याला एकदा काट्यावर घ्या. वजन कमी घटत असेल तर यंत्रातलं पाणी कमी करा, जास्त घटत असेल तर वाढवा. सुरुवात 50 ते 55 टक्के आर्द्रतेने करावी हे खरं, पण स्वस्त आर्द्रतामापक सर्रास चुकीचा आकडा दाखवतात. काटा आणि मीटर यांचं पटलं नाही तर काट्याचं ऐका.

आठव्या दिवसापासून अंडी रोज एकदा थंड करा. मादी घरट्यातून उठून चरायला जाते आणि ओल्या पिसांनी परत येते, आपण त्याचीच नक्कल करतो. शिवाय वाढतं पिल्लू स्वतः उष्णता तयार करू लागतं, आणि एवढ्या मोठ्या अंड्यातून ती सहज निघत नाही. झाकण काढून दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि कोमट पाण्याचा हलका फवारा मारा. किती थंड झालं हे बघायला अंडं मिटलेल्या पापणीला टेकवा. ऊब जेमतेम जाणवली की झाकण लावा.

सातव्या ते दहाव्या दिवसादरम्यान अंधारात टॉर्च लावून पाहा. वाढणाऱ्या अंड्यात गडद ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या शिरा दिसतात. पूर्ण स्वच्छ दिसणारं अंडं फळलेलं नसतं, आणि लाल कडं दिसलं तर गर्भ मेलेला आहे. अशी अंडी लगेच काढा. ती आत सडून फुटली तर बाकीच्या सगळ्यांना जंतुसंसर्ग होतो.

कवच फुटताना

27 व्या किंवा 28 व्या दिवशी वळवणं आणि थंड करणं थांबवा. आर्द्रता 70 ते 75 टक्क्यांवर न्या, हवेची झडप पूर्ण उघडा आणि अंड्यांखाली खरबरीत कापड किंवा जाळी ठेवा. टॉर्चच्या उजेडात पोकळीची कड तिरपी झालेली आणि तिच्यात सावली हललेली दिसली की पिल्लाने आतला पडदा फोडला असं समजा.

बाहेर पहिला तडा दिसल्यावर पुढे 24 ते 48 तास काहीच घडत नाही. हात शिवशिवतात, पण याच वेळात पिल्लू पडद्याच्या शिरांतलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. आधीच कवच सोललं तर रक्तस्राव होतो. झाकण सारखं उघडलं तर पडदा सुकतो आणि पिल्लू अडकतं. 48 तासांनंतरही काही हललं नाही आणि पडदा तपकिरी, कोरडा दिसत असेल, तरच कोमट पाण्याने तो ओला करा आणि तड्याच्या कडेने थोडंसं कवच काढा. ताजी लाल शीर दिसली किंवा रक्त आलं की तिथेच थांबा आणि अंडं परत आत ठेवा.

बाहेर आलेलं पिल्लू लव फुलेपर्यंत यंत्रातच राहू द्या. पोटातला बलक त्याला पहिला दिवसभर पुरतो.

पिल्लांची काळजी

ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लं उबदार ठेवण्याच्या पेटीत, पहिला आठवडा 32 ते 33 अंश ठेवा, नंतर दर आठवड्याला सुमारे तीन अंश उतरवा. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. दिव्याखाली एकमेकांना चिकटून ओरडत असतील तर थंडी आहे, कडेला जाऊन चोच उघडी ठेवत असतील तर गरम होतंय. खाली वर्तमानपत्र अंथरू नका. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात, आणि हा दोष पहिल्या दोन-तीन दिवसांतच दुरुस्त होतो. तेव्हा पाय मऊ पट्टीने योग्य अंतरावर बांधून ठेवावे लागतात. जाड टॉवेल किंवा रबरी मॅट वापरा, आणि भिजलेलं अंथरूण लगेच बदला.

पाण्याच्या भांड्यात नाकपुड्यांपर्यंत चोच बुडली पाहिजे, पण पिल्लाला आत बसता येऊ नये. खाताना पाणी जवळ नसेल तर कोरडं खाद्य घशात अडकतं. पोहायला सोडायची घाई नको. मादीखाली वाढणाऱ्या पिल्लांना तिच्या पिसांचं तेल मिळतं, यंत्रातल्या पिल्लांना मिळत नाही, म्हणून त्यांची लव भिजते आणि ती गारठतात. पाण्यात सोडायचंच असेल तर कोमट पाण्यात काही मिनिटं, समोर उभं राहून, आणि मग पूर्ण कोरडी करून ब्रूडरमध्ये.

पहिले तीन आठवडे 20 ते 22 टक्के प्रथिनांचं स्टार्टर (लहान पिल्लांचं खाद्य) द्या, औषध न मिसळलेलं. कोंबडीच्या खाद्यात नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडतं. राजहंसाच्या पिल्लाला खाद्याच्या किलोमागे 55 ते 65 मिलिग्रॅम लागतं, नाहीतर पाय वाकतात आणि पिल्लू बसूनच राहतं. खाद्यात ब्रुअर्स यीस्ट (बीअर बनवताना वापरतात ते यीस्ट) मिसळलं की ही अडचण येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून फवारणी न केलेलं कोवळं गवत बारीक चिरून द्या, सोबत बारीक खडी.

तीन आठवड्यांनंतर प्रथिनं 15 ते 16 टक्क्यांवर आणा आणि भरपूर चरू द्या. खाद्य फार पौष्टिक झालं तर पिसं भराभर येतात आणि त्यांच्या वजनाने पंखाचा शेवटचा सांधा बाहेर वळतो. वळण दिसताच पंख नैसर्गिक घडीत दुमडून मऊ पट्टीने काही दिवस बांधा. हाडं पक्की झाल्यावर उपाय राहत नाही.

एकटं पिल्लू वाढवू नका, निदान दोन तरी ठेवा. बाहेर येताच जे हलतं-बोलतं दिसेल त्यालाच ही पिल्लं आई मानतात. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेंझ यांनी राजहंसांच्या पिल्लांवर हेच अभ्यासलं आणि 1973 चं नोबेल मिळवलेल्या तिघांपैकी ते एक होते. एकटं पिल्लू तुम्ही खोलीबाहेर पडलात तरी थकेपर्यंत हाका मारत राहतं. सोबत मिळाली की शांत होऊन खाऊ-पिऊ लागतं.

काही अडलं तर आम्हाला विचारताना अंडी ठेवल्याची तारीख, आठवड्याची वजनं आणि फुटलेल्या किंवा मेलेल्या अंड्यातल्या पोकळीचा फोटो पाठवा.