राणीच्या बागेतली झाडे आणि त्यांचे दुरावलेले सोबती

भायखळ्याच्या राणीच्या बागेत शिरणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न असतो वाघ कुठल्या बाजूला आहे हा, आणि २०१७ पासून त्याच्या जोडीला पेंग्विन कुठे आहेत हाही. तिथवर तो ज्या झाडांच्या सावलीतून चालत जातो, त्यांच्या बुंध्यांवरच्या पाट्या वाचायला फारसे कोणी थांबत नाही. वास्तविक ‘वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय’ या अधिकृत नावात वनस्पती आधी येतात आणि प्राणी नंतर, आणि इतिहासाचा क्रमही तोच आहे. शिवडीला एका कृषी व उद्यान संस्थेची बाग होती. ती जागा दफनभूमीसाठी गेल्यावर भायखळ्याला नवी बाग उभी राहिली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ती ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ या नावाने खुली झाली. ‘राणीची बाग’ हे लोकांनी दिलेले नाव तेव्हापासूनचे. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे आली आणि प्राणिसंग्रहालयाची भर पडली ती १८९० मध्ये. म्हणजे पहिला प्राणी पिंजऱ्यात आला तेव्हा इथल्या जुन्या झाडांची पंचविशी उलटून गेली होती.

आज सुमारे ५० एकरांच्या या आवारात तीन हजारांवर झाडे आहेत आणि ती २८६ जातींची आहेत. त्यांतली बरीचशी परदेशी आहेत. ती बी किंवा रोप म्हणून जहाजातून आली, रुजली, मोठी झाली. परंतु रोपाबरोबर त्याचे परागीकरण करणारा भुंगा येत नाही, त्याचे फळ खाऊन बी दूर नेऊन टाकणारे जनावर येत नाही, आणि त्याच्या जंगलातला अंधारही येत नाही. म्हणून वनस्पती उद्यानातल्या परदेशी झाडाकडे पाहताना ते कुठले आहे एवढेच विचारून भागत नाही. त्याच्या मूळच्या सोबत्यांपैकी कोणाची उणीव इथे भरून निघाली आणि कोणाची नाही, हे विचारले की झाड बोलू लागते.

कैलासपतीचेच उदाहरण घ्यावे. शंकराच्या देवळांत या झाडाला इतका मान आहे, की ते दक्षिण अमेरिकेतले आहे असे सांगितल्यावर अनेकांना पटत नाही. त्याची फुले फांद्यांच्या टोकांना येत नाहीत. थेट खोडातून फुटलेल्या वेड्यावाकड्या काटक्यांवर ती लागतात, आणि कित्येकदा खोड जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंत फुलांनी झाकलेले असते. एक फूल तळहातावर घेऊन जवळून पाहिले तर सहा मांसल पाकळ्यांच्या मध्ये आखूड पुंकेसरांची एक चपटी चकती दिसते, चकतीच्या मध्यभागी स्त्रीकेसर असतो, आणि चकतीच्या एका कडेपासून निघालेली जाड पट्टी वर वळून नागाच्या फण्यासारखी त्यावर झुकलेली असते. आपल्या डोळ्यांना तिथे पिंडीवर फणा धरलेला नाग दिसतो, म्हणून नाव कैलासपती. भुंग्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. या फुलात मध नसतो, त्यामुळे येणाऱ्याला मोबदला परागकणांतच द्यावा लागतो, आणि झाडाने त्यासाठी दोन प्रकारचे पराग केले आहेत. फण्यावरचे पराग खाण्यासाठी असतात, त्यांतून बीज धरत नाही. चकतीतले पराग प्रजननासाठी असतात. फणा आणि चकती यांच्या फटीत घुसलेला भुंगा वरचा खाऊ गोळा करत असताना त्याचे अंग चकतीतल्या केसरांना घासून खऱ्या परागांनी माखते, आणि पुढच्या फुलात ते स्त्रीकेसराला लागतात. मूळ प्रदेशात हे काम लाकूड पोखरणारे मोठे काळे भुंगे करतात. त्यांचे भाऊबंद मुंबईत भरपूर आहेत, तेव्हा इथवरचा कारभार सुरळीत चालतो.

अडते ते पुढे. तोफेच्या गोळ्याएवढे फळ पिकून खाली आदळते आणि फुटते, आणि आतल्या गराला इतका उग्र वास येतो की माणूस नाकाला रुमाल लावतो. दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात पेकारी नावाचे रानडुकरासारखे प्राणी हा गर आवडीने खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात. बियांवरची लव त्यांच्या पोटातून जाताना बियांचे रक्षण करते असे मानले जाते. भायखळ्यात पेकारी नाही, त्यामुळे गर खोडाखालीच सडतो आणि सकाळी झाडूवाला तो गोळा करून नेतो. इथल्या पेंग्विनांचे कुळही दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचेच, पण त्यांच्यासाठी थंडगार काचघर बांधलेले आहे. त्याच खंडातले हे झाड बाहेर उन्हात उभे आहे आणि त्याचे काय हरवले आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

गोरखचिंचेचे त्या मानाने बरे चालले आहे. आफ्रिकेतल्या कोरड्या माळांवरच्या या झाडाचे अवाढव्य खोड म्हणजे मऊ, पाण्याने भरलेल्या लाकडाची टाकीच असते. वर्षाचा बराच काळ ते निष्पर्ण राहते आणि पावसाळ्यात पाने धरते, तेव्हा आपला मोसमी पाऊस त्याला फारसा परका वाटत नसावा. देठाला लोंबणारे मोठे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी मलूल होते. हा मुहूर्त वटवाघळांसाठी काढलेला आहे, आणि मुंबईत फळे खाणाऱ्या वटवाघळांना तोटा नाही. याउलट ज्याचे सगळे गणगोत गावातच आहे असे झाड पाहायचे असेल तर आपला वड पाहावा. त्याच्या फळांच्या आत दडलेल्या फुलांचे परागीकरण वडापुरत्याच असलेल्या एका चिमुकल्या गांधीलमाशीकडून होते, आणि ती माशी वडाबरोबर इथेच नांदते.

परदेशी झाड जगवणे म्हणजे केवळ पाणी घालणे नव्हे, हे झाडापेक्षा जमिनीकडे पाहिले की अधिक कळते. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी मातीच्या वरच्या हात-दोन हातांच्या थरात असतात आणि पानांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. नव्या पिंजऱ्याचा पाया, दाबून बसवलेली वाट, बुंध्यापर्यंत आणलेल्या फरश्या यांनी मातीतल्या पोकळ्या मिटल्या की मुळांना हवा मिळत नाही. झाड लगेच मरत नाही. चार-पाच वर्षांनी शेंडा वाळू लागतो, आणि तोवर ते बांधकाम कोणाच्या ध्यानातही उरलेले नसते. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाचा मोठा आराखडा पुढे आला तेव्हा काही नागरिकांनी या बागेसाठी दीर्घ लढा दिला. बागेतली झाडे मोजून, ओळखून त्यांच्या नोंदी मांडण्याचे काम त्यांनी केले, आणि माझ्या मते त्या लढ्यातला सर्वांत टिकाऊ भाग तोच आहे.

राहता राहिली उर्वशी, जिच्यासाठी वनस्पतीप्रेमी हिवाळ्याच्या अखेरीस मुद्दाम भायखळ्याला येतात. मूळची म्यानमारची. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच यांना ती १८२० च्या दशकात म्यानमारमधल्या एका मठाच्या बागेत दिसली, आणि त्यांनी गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी अ‍ॅमहर्स्ट यांच्यावरून तिला अ‍ॅमहर्स्टिया हे शास्त्रीय नाव दिले. रानात ती अगदी क्वचित आढळली आहे. किरमिजी फुलांचे हातभर लांब घोस झुंबरासारखे खाली लोंबतात आणि पाकळ्यांच्या टोकांना पिवळा ठिपका असतो. फुले नसतानाही कोवळी पालवी पाहण्यासारखी असते. तांबूस पानांचा सगळा झुबका, पाण्यातून काढलेल्या रुमालासारखा, फांदीला निर्जीव लटकतो. हीच तऱ्हा तिच्या नात्यातल्या सीतेच्या अशोकाची. पान आधी पुरते वाढवायचे आणि ते चिवट झाल्यावरच त्यात हरितद्रव्य भरायचे, म्हणजे कोवळेपणी किडीने खाल्ले तरी झाडाचे नुकसान कमी होते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

इतके फुलूनही उर्वशीला शेंगा फार कमी धरतात. म्हणून तिची वाढ होते ती माळ्याच्या हातून, गुटी कलमाने. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवरून बोटाच्या पेराएवढी साल कडे काढल्यासारखी सोलायची, तिथे ओल्या शेवाळाचा गोळा बांधायचा आणि त्यावर प्लास्टिक गुंडाळून सुतळीने आवळायचे. आतल्या लाकडातून पाणी वर चढत राहते, पण पानांनी तयार केलेले अन्न आणि मुळे फुटायला लावणारी संप्रेरके सालीतून खाली उतरू शकत नाहीत आणि कापाच्या वरच्या कडेला साचतात. मग एखाद्या सकाळी प्लास्टिकच्या आत, शेवाळातून वाट काढत कडेला आलेली पांढरी मुळे दिसतात.