इंधनपुरवठ्याचे दोषनिदान (मोटारगाडी)

सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरत असूनही इंजिन लवकर सुरू होत नसेल, तर टाकीतले इंधन योग्य दाबाने आणि वेळेत इंजेक्टरपर्यंत (इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागापर्यंत) पोहोचते का, हे शोधण्याची पद्धत. सेल्फच मंद फिरत असेल तर आधी बॅटरी तपासावी.

गाडी कधी त्रास देते यातच अर्धे निदान असते. रात्रभर उभी राहिलेली गाडी दोन-तीन प्रयत्नांनी सुरू होते आणि मग दिवसभर ठीक चालते, तेव्हा पंप बहुधा चांगला असतो. उभ्या गाडीत लाइनमधला दाब उतरलेला असतो. गरम इंजिन बंद केल्यावर १५-२० मिनिटांनी त्रास होत असेल, तर इंजेक्टर गळत असावा किंवा उष्णतेने लाइनमध्ये पेट्रोलची वाफ होत असावी. सुरू व्हायला वेळ लागतो आणि चढावर दमही सुटतो, तेव्हा मात्र फिल्टर, टाकीतली जाळी किंवा पंप यांच्याकडे वळावे.

पहिल्या चाचणीला हत्यार लागत नाही. सेल्फ न मारता इग्निशन चालू केले की बहुतेक पेट्रोल गाड्यांत पंप सुमारे २ सेकंद गुणगुणतो. आवाज नसेल तर फ्यूज, रिले (पंपाला वीज देणारा स्विच) आणि वायरिंग पाहावे. आवाज येत असेल तर इग्निशन तीन-चार वेळा बंद-चालू करून मग सेल्फ मारावा. इंजिन लगेच सुरू झाले, तर दाब उतरतो हे जवळपास नक्की.

खात्री इंधनाचा दाब मोजणाऱ्या गेजनेच होते. गेज जोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे दाब मोकळा होतो. इनटेक पोर्टमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत दाब साधारण ३ ते ४ बार असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. इंजिन बंद केल्यावर काटा काही मिनिटांतच शून्याकडे घसरला, तर गळती शोधायची. पंपाकडून येणारा रबरी होज क्लॅम्पने दाबल्यावर काटा थांबला, तर पंपातला चेक व्हॉल्व्ह (इंधन मागे जाऊ न देणारी झडप) दोषी. रिटर्नचा (जादा इंधन टाकीत परत नेणारा) होज दाबल्यावर थांबला, तर दाब कायम राखणारा रेग्युलेटर. दोन्ही वेळा घसरतच राहिला, तर इंजेक्टर. नायलॉनच्या नळ्या दाबू नयेत, त्यांना चीर जाते. रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम नळीत पेट्रोल सापडले तर त्याच्या आतला पडदा (डायफ्राम) फाटला आहे, पुढे चाचणीची गरज नाही.

गळणाऱ्या इंजेक्टरमुळे सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त होते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यास बहुतेक ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारे संगणक) इंधन तोडतात. अशा वेळी इंजिन धडधडत सुरू झाले, तर दोष कमतरतेचा नसून अतिरेकाचा आहे. कूलंट तापमानाचा सेन्सर चुकीचा आकडा देत असला तरी असेच होते.

दाब बरोबर असूनही प्रवाह अपुरा असू शकतो, कारण तुंबलेल्या फिल्टरमागेही काटा हळूहळू वर चढतो. पंप बदलण्याआधी तो चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजावे. बॅटरीपेक्षा ते एक व्होल्ट किंवा अधिक कमी असेल, तर गंजलेली अर्थिंग किंवा जळालेला रिले कारणीभूत असतो. कित्येक चांगले पंप याच चुकीने फेकले जातात. टाकीच्या तळाला हलकेच ठोकल्यावर पंप चालू झाला, तर मात्र त्याचे ब्रश झिजले आहेत.

डिझेलमध्ये मुख्य शत्रू हवा. फिल्टरचे सील किंवा जोड सैल असेल तर हवा आत शिरते आणि रात्रीतून डिझेल टाकीकडे मागे उतरते. पुरवठ्याच्या कमी दाबाच्या नळीत पारदर्शक तुकडा जोडला की बुडबुडे दिसतात. कॉमन रेलमध्ये (सर्व इंजेक्टरना उच्च दाबाचे डिझेल देणाऱ्या सामाईक नळीत) सेल्फ मारताना साधारण २०० बारच्या पुढे दाब गेला नाही, तर अनेक ईसीयू इंजेक्टर उघडतच नाहीत. हा दाब ईसीयूला जोडायच्या स्कॅनरवरच वाचावा. चालू इंजिनाच्या रेलचा नट सैल करणे जीवघेणे आहे, कारण ती धार कातडीतून आत शिरते. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होण्यासाठी आत तापणारे प्लग) असलेल्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रेही मारू नये. तो तापलेल्या प्लगवर अवेळी पेटतो.