चक्कर येते? मग उभं करून बीपी मोजा

आपल्याकडे रक्तदाब बसवून मोजतात. खुर्चीत बसायचं, हात टेबलावर ठेवायचा, दंडाला पट्टा, आकडा कागदावर. उच्च रक्तदाब शोधायचा असेल तर हे बरोबरच आहे. पण ज्याची तक्रारच ‘उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते’ अशी आहे, त्याला बसवून मोजलं तर त्रास नसतानाचा रक्तदाब कळतो. आकडा 110/70 येतो, सगळं नॉर्मल असल्याचं सांगितलं जातं, आणि टॉनिकची चिठ्ठी हातात पडते. कधी एखादी सलाईन चढवतात. तीन-चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

असे रुग्ण, त्यातही तरुण मुली, जाडजूड फायली घेऊन फिरतात. ईसीजी, टूडी एको, मेंदूचा एमआरआय, कानाची तपासणी, थायरॉइड, बी-12. सगळ्यांचं उत्तर ‘काही नाही’, आणि शेवटी ‘टेन्शन घेऊ नका’. आडवं झोपवून आणि मग उभं करून नाडी व रक्तदाब मोजल्याची नोंद मात्र त्या फायलीत बहुधा नसते. खरं तर ही तपासणी सगळ्यात आधी व्हायला हवी. तिला लागतात एक पलंग, एक बीपीचं यंत्र आणि पंधरा मिनिटं.

आपण उभे राहतो तेव्हा साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीतून खाली, पोटातल्या आणि पायांतल्या शिरांमध्ये उतरतं. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, त्यामुळे पुढे ढकललं जाणारं रक्तही कमी होतं. मेंदू सगळ्यात वर. चाळीत पाण्याचा दाब कमी झाला की पहिला नळ वरच्या मजल्याचा कोरडा पडतो, तसंच हे. मेंदूचा रक्तपुरवठा सहा ते आठ सेकंद पूर्ण थांबला तरी माणसाची शुद्ध हरपते. आपण दिवसातून कितीतरी वेळा उठतो आणि तरी पडत नाही, याचं श्रेय स्वायत्त मज्जासंस्थेला आहे. मानेतल्या मोठ्या रोहिणीच्या भिंतीत आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत दाबाचा ताण ओळखणारे चेतातंतू असतात. ताण कमी झाल्याची खबर ते मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला देतात. तिथून सिम्पथेटिक नसांमार्फत आदेश सुटतो, नॉरएड्रेनलिन हे रसायन झिरपतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयाचे ठोके मिनिटाला दहा-वीसने वाढतात. हे काही सेकंदांत, आपल्याला न विचारता होतं. या संस्थेला ‘स्वायत्त’ हे नाव केंब्रिजचे शरीरशास्त्रज्ञ जॉन लँग्ली यांनी 1898 मध्ये दिलं.

पोटऱ्यांचीही यात मोठी मदत असते. चालताना त्यांचे स्नायू आकुंचन पावतात आणि शिरांमधलं रक्त वर ढकलतात. म्हणूनच स्टेशनपर्यंत भराभर चालत आलेली मुलगी ठणठणीत असते आणि गाडीत वीस मिनिटं खांबाला धरून नुसती उभी राहिली की तिला घाम फुटतो. विरार-चर्चगेट फास्ट लोकललाही तासाहून अधिक वेळ लागतो. त्यात मे महिना किंवा ऑक्टोबरचा उकाडा असेल तर अंग थंड ठेवायला त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरतात, घामावाटे पाणी आणि मीठ जातं. सकाळी काही न खाता निघण्याची सवय, अंगारकीचा उपवास आणि सिद्धिविनायकाची रांग, पाळीचे दिवस, यांतलं काहीही वर पडलं तर निरोगी माणसालाही घेरी येऊ शकते.

इथे एक गोष्ट सर्वांना ठाऊक असायला हवी. गर्दीच्या डब्यात कुणी कोसळू लागलं की लोक मदतीलाच धावतात आणि तिला उभंच धरून ठेवतात, किंवा सीटवर ताठ बसवतात. हेतू चांगला असतो, परिणाम वाईट. साध्या भोवळीत माणूस आडवा पडतो, मेंदूला रक्त मिळतं आणि अर्ध्या-एक मिनिटात शुद्ध येते. उभं धरून ठेवलं तर तो पुरवठा तुटलेलाच राहतो, हातपाय झटकू लागतात, आणि बघणारे म्हणतात, फिट आली. मग नाकाला कांदा, हातात किल्ल्या. त्यातून एखाद्याच्या माथी अपस्माराचा शिक्का बसतो आणि गोळ्याही सुरू होतात. डब्यात, फलाटावर, रांगेत कुठेही असो, आडवं करा, पाय वर उचलून धरा, भोवतीची गर्दी हटवा. शुद्ध दोन-तीन मिनिटांत आली नाही, किंवा छातीत दुखत असेल, तर 108ला फोन करा.

उठल्यावरच्या चक्करेचे मुख्य प्रकार तीन, आणि त्यांची गल्लत केली की उपचार चुकतात. खोली गरगर फिरल्यासारखी वाटणं यात धरलेलं नाही, ते बहुतेकदा कानाचं दुखणं असतं. पहिला प्रकार आत्ता सांगितलेली साधी भोवळ. एरवी सगळं नीट असतं, पण रक्त बघून, वेदनेनं, बराच वेळ उभं राहून अचानक ठोके मंदावतात आणि दाब कोसळतो.

दुसरा प्रकार पॉट्स, म्हणजे पोस्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम. यात रक्तदाब पडत नाही, ठोके मात्र भलतेच वाढतात. उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडी मिनिटाला 30 किंवा त्याहून अधिकने वाढली, 12 ते 19 वर्षांच्या मुलांत 40ने, आणि त्रास तीन महिन्यांहून जुना असेल, तर पॉट्सचं निदान होतं. पडून असताना 75 असलेली नाडी आंघोळीला उभं राहिलं की 125. धडधड, हातांना कंप, मळमळ, लक्ष न लागणं, पाय लालसर-जांभळे दिसणं, आणि आडवं झालं की बऱ्यापैकी आराम. बहुसंख्य रुग्ण पंधरा ते पन्नास वयाच्या स्त्रिया असतात. अनेकींचा त्रास एखाद्या विषाणूसंसर्गानंतर सुरू होतो. कोविडनंतर जगभर असे रुग्ण दिसले. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 1993 मध्ये या दुखण्याला आजचं नाव आणि निकष दिले, पण दुखणं जुनंच असावं. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड आणि चक्कर याबद्दल डॉ. जेकब दा कोस्टा यांनी 1871 मध्येच लिहून ठेवलं होतं.

धडधड आणि कंप बघून याला ‘घबराट’ ठरवणं सोपं जातं. फरक ओळखायचा तर एकच विचारा: आडवं पडल्यावर थांबतं का? मनातली भीती पलंगावर पडल्यानं जात नाही. पॉट्समधली वाढलेली नाडी खाली येते. मात्र पॉट्स म्हणण्याआधी रक्तक्षय, थायरॉइड आणि शरीरातलं पाणी कमी होणं तपासावंच लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21च्या फेरीत भारतातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, आणि रक्तक्षयातही उभं राहिलं की धडधडतं.

तिसरा प्रकार मुख्यतः आई-वडील, आजी-आजोबांचा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 मिलिमीटरने घसरतो. कारण औषधं असू शकतात: रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटसाठी दिलेलं टॅम्सुलोसिन, हृदयासाठीचे नायट्रेट, नैराश्यावरची काही औषधं. किंवा स्वायत्त नसाच झिजलेल्या असतात. तसं असेल तर दाब घसरूनही नाडी जेमतेम वाढते, आणि ही खूण कुणालाही मनगटावर बोट ठेवून कळते. ब्रॅडबरी आणि एगलस्टन या अमेरिकन डॉक्टरांनी 1925 मध्ये असे तीन रुग्ण नोंदवले. उठले की बेशुद्ध पडायचे, नाडी संथच राहायची, त्यांना घाम येत नव्हता आणि उन्हाळ्यात त्रास वाढायचा. अशी झीज पार्किन्सनमध्ये होते, आणि आपल्याकडे महत्त्वाचं म्हणजे जुन्या मधुमेहात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. मधुमेही माणूस उठताना लटपटला की घरचे साखर पडली म्हणून आधी साखर भरवतात. ग्लुकोमीटरवर साखर जरूर बघा. ती ठीक असेल तर झोपवून आणि उभं करून दाबही बघा.

या रुग्णांची एक तक्रार हमखास वेगळ्याच डॉक्टरकडे जाते. उभं असताना मानेपासून दोन्ही खांद्यांवर पसरणारं दुखणं, जे आडवं झालं की थांबतं. त्या स्नायूंना रक्त पुरत नसतं. एक्स-रेमध्ये मणके थोडे झिजलेले दिसतातच, आणि गळ्यात कॉलर येतो.

मोजायचं असं: पाच मिनिटं शांत पडून राहा, दाब आणि नाडी लिहा. मग उभे राहा, बोलू नका, पाय हलवू नका. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला पुन्हा लिहा. शक्यतो सकाळी करा, तेव्हा फरक ठळक दिसतो. सोबत कुणीतरी असू द्या, मागे पलंग किंवा खुर्ची असू द्या, आणि अंधारी आली तर तिथेच थांबवून आडवे व्हा. तो कागद फॅमिली डॉक्टरला दाखवा. पुढची तपासणी टिल्ट टेबलवर होते. त्यात रुग्णाला फळीला बांधून साधारण 70 अंशांत उभं करतात. पण धावताना किंवा पडून असताना शुद्ध हरपली, कोणतीही पूर्वसूचना न देता हरपली, किंवा घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल, तर घरी मोजत बसू नका. आधी हृदयाची तपासणी.

उपचारांची सुरुवात औषधानं होत नाही, आणि म्हणून ते पुष्कळांना उपचारच वाटत नाहीत. पॉट्समध्ये दिवसाला दोन-तीन लिटर पाणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने 10 ग्रॅमपर्यंत मीठ देतात. एरवी जागतिक आरोग्य संघटना 5 ग्रॅमच्या आत राहायला सांगते, म्हणजे हा सल्ला सगळ्यांसाठी नाही. रक्तदाब जास्त असेल, मूत्रपिंड किंवा हृदय कमजोर असेल, तर हेच मीठ घातक. ओआरएसची पुडी चांगली: लिटरमागे 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज. दुकानातली गोड सरबतं तिची जागा घेत नाहीत.

नसा झिजलेल्या ज्येष्ठांसाठी साधं पाणीच औषधासारखं काम करतं. पलंगावरून उठण्याआधी अर्धा लिटर पाणी भरभर प्यायलं की थोड्याच मिनिटांत दाब चढू लागतो आणि तो परिणाम तासभर टिकतो. काही रुग्णांत दाब 30 मिलिमीटरहूनही अधिक चढल्याचं मोजलं गेलं आहे. निरोगी तरुणात हेच पाणी दाबाला हातही लावत नाही. याच रुग्णांचा दाब आडवं असताना उलट फार चढतो, मूत्रपिंडं रात्रभर मीठ-पाणी बाहेर टाकतात आणि पहाट सर्वांत धोक्याची ठरते. म्हणून पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू उंच करायची. रात्री लघवीला उठताना आधी काठावर बसायचं, पावलं खालीवर हलवायची, मग उठायचं. पोटभर जेवणानंतर रक्त आतड्यांकडे जातं आणि पुढचे दोन तास दाब घसरू शकतो; थोडं थोडं, अनेकदा जेवणं बरं. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका. आटोक्यात नसलेला उच्च रक्तदाबही उठतानाची घसरण वाढवतो.

घट्ट मोजे सगळे सुचवतात. गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांचा उपयोग थोडाच, कारण बरंच रक्त पोटातल्या शिरांत साचतं. मांडीपर्यंतचे मोजे मुंबईच्या दमट हवेत कुणी घालत नाही. पोटाचा पट्टा जास्त कामाचा, तोही उभं असतानाच. लोकलमध्ये अंधारी येऊ लागली तर पायांची अढी घालून मांड्या आणि नितंब घट्ट आवळायचे, मुठी वळायच्या. जागा असेल तर उकिडवं बसायचं. दाब लगेच सावरतो.

पॉट्समध्ये व्यायामाचा परिणाम मोठा आहे, पण तो आडव्यानं सुरू करावा लागतो. जिमला जाऊन ट्रेडमिलवर उभी राहिलेली मुलगी पहिल्याच आठवड्यात सोडून देते आणि स्वतःलाच दोष देते. झोपून पायांचे व्यायाम, मागे रेलून चालवायची सायकल, पोहणं. पाण्याचा दाब शिरांना बाहेरून आधार देतो. दादरला शिवाजी पार्कजवळ महापालिकेचा तलाव आहे. सोबत कुणी असेल तर तिथे अर्धा तासही पुष्कळ. पहिले काही आठवडे थकवा वाढतो, फरक दिसायला महिने लागतात. हे आधीच सांगितलं तर मुली टिकून राहतात.

एवढ्यानं भागलं नाही की औषधं. प्रोप्रॅनोलॉल अगदी कमी मात्रेत किंवा आयव्हाब्रॅडीन नाडी आवरतात. फ्लुड्रोकॉर्टिसोन मीठ-पाणी धरून ठेवतं. मिडोड्रीन रक्तवाहिन्या आवळतं. त्यानं डोक्याला खाज येते, काटा येतो, आणि शेवटची गोळी आडवं होण्याच्या किमान चार तास आधी घ्यावी लागते, नाहीतर झोपेत दाब चढतो. एका प्रकाराचं औषध दुसऱ्याला चालेलच असं नाही, म्हणून आधी निदान.

आणि बसायला जागा. दादरच्या साड्यांच्या दुकानांत, मॉलमध्ये दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलींना पाणी, मीठ, व्यायाम सगळं सांगून झाल्यावर त्या विचारतात, पण बसू कुठे? केरळनं 2018 मध्ये आणि तमिळनाडूनं 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांचा बसण्याचा हक्क कायद्यात लिहिला. असा त्रास असलेल्या मुलीला डॉक्टरांनी गोळ्यांच्या चिठ्ठीसोबत मालकासाठीही चिठ्ठी द्यावी: हिला कामाच्या जागी स्टूल आणि हाताशी पाण्याची बाटली हवी.