मेमरी चिपवरचा आकडा कसा वाचायचा?

जुन्या मेमरी चिपच्या काळ्या पाठीवर '४१६४-१५' असं काहीतरी छापलेलं असे. त्यातले ६४ म्हणजे क्षमता, ६४ किलोबिट. वेग पाहायचा तो रेघेनंतर. तिथले १५ म्हणजे माहिती हाती यायला लागणारे १५० नॅनोसेकंद (एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग). शेवटचं शून्य गाळलेलं असे. म्हणून '-७' आणि '-७०' या दोन्हींचा अर्थ ७० नॅनोसेकंदच. एका नॅनोसेकंदात प्रकाशसुद्धा जेमतेम फूटपट्टीएवढं अंतर कापतो! जवळच '९४३२' दिसलं तर तो वेग समजू नका. ती १९९४ च्या ३२व्या आठवड्यात चिप तयार झाल्याची खूण.

सिलिकॉनच्या एकाच चकतीवर घडलेल्या चिपसुद्धा सारख्या वेगाच्या निघत नाहीत. कारखान्यात तपासून त्यांची प्रतवारी करतात आणि त्यानुसार हा आकडा पडतो.

घड्याळाच्या ठोक्यावर चालणारी मेमरी, म्हणजे एसडीरॅम, आली आणि आकड्याचा अर्थच बदलला. इथे '-१०' म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्याचा काळ, १० नॅनोसेकंद, अर्थात १०० मेगाहर्ट्‌झ. माहिती हाती यायला असे दोन-तीन ठोके लागतात. इथे अनेकांची गफलत होते.

आताच्या मेमरीच्या पट्टीवर, म्हणजे अनेक चिप बसवलेल्या पट्टीवर, 'पीसी४-२५६००' असतं. सेकंदाला २५,६०० मेगाबाइट. पट्टी एका वेळी ८ बाइट देते, म्हणून ८ ने भागा: ३२००. हीच डीडीआर४-३२००, म्हणजे एका ठोक्याला दोनदा माहिती देणाऱ्या 'डीडीआर' मेमरीची चौथी पिढी. घड्याळ मात्र १६०० मेगाहर्ट्‌झचंच, कारण प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती जाते. लेबल निघून गेलं असेल तरी पट्टीवरच्या एका छोट्या चिपमध्ये ही माहिती साठवलेली असते. संगणक सुरू होताना तीच वाचतो.

मला खरं महत्त्वाचं वाटतं ते 'सीएल', म्हणजे मागणीपासून उत्तरापर्यंतचे ठोके. सीएलला २००० ने गुणून नावातल्या वेगाच्या आकड्याने (जसे ३२००) भागलं की नॅनोसेकंद मिळतात. डीडीआर-४००, सीएल २: १० नॅनोसेकंद. डीडीआर४-३२००, सीएल १६: १०. डीडीआर५-६०००, सीएल ३०: पुन्हा १०! वेग पंधरापट झाला, पण थांबणं तेवढंच. प्रत्येक बिट म्हणजे इवल्याशा कपॅसिटरमधला विद्युतभार. त्याचा क्षीण संकेत ओळखून, वाढवून, बारीक तारांवरून बाहेर आणायला वेळ लागतोच. वाढलं ते एका खेपेला उचलायचं ओझं: पहिल्या डीडीआरमध्ये प्रत्येक तारेमागे २ बिट, डीडीआर५ मध्ये १६.