बापाची जमीन मुलाच्या नावावर: सतराव्या शतकातल्या स्कॉटलंडची वारस नोंद

वडील गेले की जमीन मुलांची, फेरफार यथावकाश होईल, असं आपण धरून चालतो. साधारण १६२० च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये असं धरून चालणं फार महागात पडलं असतं. तिथं सगळी जमीन मुळात राजाची. राजाने ती सरदाराला दिलेली, सरदाराने त्याच्या खालच्याला, त्याने आणखी खालच्याला. प्रत्येक धारकाच्या डोक्यावर कुणीतरी धनी असायचाच, त्याला म्हणत सुपीरियर. धारक मेला की जमीन त्या धन्याच्या हाती परत गेली असं कायदा मानत असे. वारसाने रीतसर अर्ज करून ती पुन्हा पदरात पाडून घेईपर्यंत जमीन ‘नॉन-एन्ट्री’मध्ये पडून राहायची, आणि त्या काळातलं देणं धनी वसूल करायचा. कधी कधी ही स्थिती वीस-वीस वर्षं चालायची.

अर्ज कोण करू शके? पहिला हक्क थोरल्या मुलाचा. धाकट्यांना जमिनीत वाटा नाही. मुलगा आणि मुलाचा वंश नसेल तर मात्र सगळ्या मुली मिळून समान वारस. विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या एक तृतीयांश भागाचं उत्पन्न हयातभर मिळे. त्याला ‘टर्स’ म्हणत, आणि तेही घरबसल्या मिळत नसे. तिलाही शेरिफच्या, म्हणजे त्या परगण्याच्या न्यायाधीशाच्या, कोर्टातूनच आपला हिस्सा ठरवून घ्यावा लागे.

वयाची अट जमीन कोणत्या अटीवर दिली आहे यावर अवलंबून. ‘वॉर्ड’ पद्धतीची जमीन लढाईतल्या चाकरीच्या बदल्यात दिलेली असायची. तिचा वारस एकवीस वर्षांच्या आतला असेल (मुलगी असेल तर चौदाच्या आतली) तर तो सज्ञान होईपर्यंत जमिनीचं उत्पन्न धनी खाणार, वर त्याच्या लग्नावरही धन्याचा हक्क. ‘फ्यू’ जमिनीला दरवर्षी ठरलेली रोख रक्कम किंवा धान्य द्यायचं. ‘ब्लेंच’ म्हणजे जवळपास मानाचंच देणं: एक पेनी, एखादं गुलाबाचं फूल, तेही धन्याने मागितलं तर.

कागदपत्रांत दोन कागद जिवापाड जपायचे. एक, धन्याने पूर्वजाला दिलेली चार्टर, म्हणजे सनद. दुसरा, त्या पूर्वजाला प्रत्यक्ष ताबा दिल्याचा नोटरीचा दाखला. नुसत्या सनदेने जमीन आपली होत नसे, म्हणून दुसऱ्या कागदाचं मोल मोठं.

प्रक्रिया सुरू व्हायची एडिंबराच्या चान्सरीतून, म्हणजे राजाचे हुकूम काढणाऱ्या कचेरीतून. तिथून ‘ब्रीव्ह’ नावाचा हुकूम घ्यायचा, तो ज्या शेरिफच्या हद्दीत जमीन आहे त्याच्या नावाने निघे. मुख्य गावातल्या बाजारचौकात त्याची दवंडी पिटली जायची, म्हणजे कुणाची हरकत असेल तर त्याने पुढे यावं. मग शेरिफ आसपासच्या जाणत्या माणसांची ज्युरी बसवायचा, बहुधा पंधरा जणांची. त्यांच्यापुढे सात प्रश्न असत. अमुक माणूस मेला तेव्हा जमीन खरोखर त्याच्या ताब्यात होती का? अर्जदारच त्याचा सर्वांत जवळचा कायदेशीर वारस आहे का? तो सज्ञान आहे का? जमिनीची आकारणी जुन्या मोजणीप्रमाणे किती आणि नव्याप्रमाणे किती? ती कुणाकडून धरलेली आहे? कोणत्या सेवेवर? आणि आज ती कुणाच्या हाती आहे, कधीपासून?

मला यातला शेवटचा प्रश्न फार बोलका वाटतो. त्याच्या उत्तरात घराण्याची सगळी अडचण उघडी पडते: जमीन इतकी वर्षं राजाच्या हाती आहे, कारण वारसाने आपला हक्क मागितलाच नाही. आकारणीचा प्रश्नही नुसता उपचार नव्हता. वारस दाखल होताना द्यायची ‘रिलीफ’ त्या आकड्यांवर ठरायची.

ज्युरीचा निकाल चान्सरीकडे परत जाई, त्याला म्हणत ‘रिटूर’. धनी खुद्द राजा असेल तर त्यावरून चान्सरी शेरिफला ताबा देण्याचा हुकूम काढायची आणि शेरिफ आधी देण्यांची हमी घ्यायचा. धनी दुसरा कुणी असेल आणि त्याला वारसाची ओळख पटलेली असेल तर जवळची वाट होती. तो ‘क्लेअर कॉन्स्टॅट’ नावाचा हुकूम काढायचा. ‘हा वारस आहे हे मला स्पष्ट दिसतं’ एवढाच त्या लॅटिन शब्दांचा अर्थ. त्यात ज्युरीची गरज नसे.

आता ‘सेझिन’, म्हणजे प्रत्यक्ष ताबा. हा विधी त्या जमिनीवरच करायचा. धन्याचा प्रतिनिधी, वारसाचा मुखत्यार, नोटरी आणि साक्षीदार एवढी माणसं शेतात उभी आहेत असं डोळ्यांपुढे आणा. मुखत्यार हुकूम प्रतिनिधीच्या हातात देतो. तो नोटरीकडे देतो, नोटरी तो वाचून साक्षीदारांना समजावतो. मग धन्याचा प्रतिनिधी वाकून मूठभर माती आणि एक दगड उचलतो आणि मुखत्याराच्या हातावर ठेवतो. मुखत्यार नोटरीच्या हातात एक नाणं देतो: झालं ते लिहून घ्या. नोटरी लिहितो की हे सगळं मी पाहिलं, जाणलं आणि ऐकलं. जमिनीसाठी माती-दगड, तर मासेमारीच्या हक्कासाठी जाळं आणि होडी. पाणचक्कीसाठी दाणे ओतायचा हॉपर आणि त्याला हलवणारी लाकडी पट्टी. जमिनी विखुरलेल्या असतील तर प्रत्येक ठिकाणी वेगळा विधी, पण सनदेने त्या सगळ्या एका बॅरनीत, म्हणजे एकाच जहागिरीत, जोडल्या असतील तर एकाच जागी केलेला चालायचा.

इथं थांबून चालायचं नाही. १६१७ च्या कायद्याने सेझिनची नोंदवही सुरू झाली आणि दाखला साठ दिवसांत तिच्यात चढवणं भाग पडलं. मुदत चुकली तर दुसऱ्या खरेदीदारापुढे तो दाखला कोर्टात टिकत नसे. चोरून दोनदा जमीन विकणाऱ्यांना यामुळे आळा बसला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने, कागदांच्या आधारावर चाळीस वर्षं निर्वेध वहिवाट असेल तर त्या हक्काला कुणी धक्का लावू शकणार नाही असं ठरलं.

विकत घेणाऱ्याची वाट वेगळी. विकणारा जमीन धन्याच्या हाती सोडून द्यायचा, त्याची खूण म्हणून काठी सुपूर्द करायचा, आणि धनी खरेदीदाराला नवी सनद द्यायचा. किंवा आधी व्यवहार करून मागून धन्याची मान्यता, ‘कन्फर्मेशन’, घ्यायची. वॉर्ड जमिनीचा अर्ध्याहून जास्त भाग परवानगीशिवाय विकला तर सगळीच जमीन धनी परत घेऊ शके.

ज्यांच्याकडे कागदच नव्हते त्यांचं काय झालं हे हायलँड्समध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात, दिसतं. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आणि पाठीशी उभी असलेली माणसं, एवढाच तिथल्या अनेक टोळीप्रमुखांचा आधार. १५९७ मध्ये सहाव्या जेम्सच्या संसदेने फर्मान काढलं की हायलँड्स आणि बेटांवरच्या जमीनधारकांनी १५ मे १५९८ पर्यंत आपली कागदपत्रं एडिंबरात एक्सचेकरपुढे, म्हणजे राजाच्या खजिन्याच्या कचेरीपुढे, दाखवावीत, नाहीतर हक्क गेला. लुईस बेट मॅक्लाउड घराण्याच्या हातून कायद्याने गेलं आणि राजाने ते फाइफ परगण्यातल्या काही गुंतवणूकदारांना दिलं. त्यांना बेटावर पाय रोवता आले नाहीत. शेवटी १६१० मध्ये त्यांनी आपला हक्क किंटेलच्या मॅकेन्झींना विकला. मॅक्लाउडांच्या पिढ्या ज्या मातीत गेल्या तिथं त्यांच्या वहिवाटीला कागदापुढे किंमत उरली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. ऑर्कनी आणि शेटलंडमध्ये मात्र जुना नॉर्वेजियन ‘उडल’ हक्क होता. त्याला धनीही लागत नसे आणि सनदही.

मातीदगडाचा विधी १८४५ मध्ये बंद झाला. धनी-धारकाचं नातं थेट २८ नोव्हेंबर २००४ ला कायद्याने संपलं. सेझिनची जुनी पुस्तकं आणि रिटूर आज एडिंबरातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. एखाद्या घराण्याचा माग काढायचा असेल तर सुरुवात रिटूरपासून करावी, कारण त्यात मृत आणि वारस यांचं नातं स्पष्ट लिहिलेलं असतं. फक्त लॅटिनची तयारी ठेवावी लागते. १८४७ पर्यंतचे रिटूर लॅटिनमध्येच आहेत, अपवाद क्रॉमवेलच्या राजवटीतल्या थोड्या वर्षांचा.